पपांचा काउंट बारा होता

पपा एचआयव्हीने गेले नाहीत. हे आधीच सांगते.

परवा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक. वय बहात्तर.

एचआयव्ही मात्र होता. वीस वर्षांहून जास्त. आईलाही आहे. हे मी पहिल्यांदाच इथे लिहितेय, आणि आईला विचारून लिहितेय.

पपा माझे जन्मदाते नाहीत. बाबा रेल्वेत होते, नागपूरहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो. बाबा याच आजाराने गेले. तेव्हा सरकारी हॉस्पिटलात यावरच्या गोळ्या फुकट मिळत नव्हत्या. कॉलनीत आम्ही टीबी सांगितलं.

मग आईची टेस्ट केली. पॉझिटिव्ह. माझी निगेटिव्ह.

आईला बाबांच्या जागी नोकरी लागली आणि आमच्या घरात एक नवा शब्द आला: काउंट.

सीडी-फोर काउंट. रक्तातल्या ज्या पेशी आजारांशी लढतात, त्यांची मोजणी. व्हायरस नेमका त्यांनाच खातो. काउंट जितका खाली, तितकी आजारांना वाट मोकळी.

आईचा पहिला आला ३४०. डॉक्टर म्हणाले, अजून गोळ्या नाहीत, सहा महिन्यांनी या. त्या काळी दोनशेच्या खाली गेल्यावरच गोळ्या सुरू करायचे.

आई बारीक होत गेली. तोंडात पांढरे चट्टे यायला लागले. दीड वर्षाने आकडा आला १६८.

"आता सुरू करावंच लागेल," डॉक्टर म्हणाले.

आई बाहेर येऊन बाकावर बसली. मी अकरावीत होते, सोबत गेले होते.

"मले नाही घ्यायच्या," ती म्हणाली. "गोळ्या लागल्या म्हणजे संपलंच ना सगळं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, जाड मिशांचे गृहस्थ केळं खात बसले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आईचा चेहरा कळला असणार.

"बहनजी, कितना आया?"

मीच सांगितलं, एकशे अडुसष्ट.

"बस? मेरा तो बारह था."

आईने मान वर केली.

"बारह! ग्यारह खिलाड़ी और एक पानी पिलाने वाला. भाई लोग खाट पर डालकर लाए थे चौमूं से. आज खुद बस से आया हूँ."

आई हसली. बाबा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

ते कैलाशजी. जयपूरजवळच्या चौमूंच्या बाजारात त्यांचं पंखे-कूलर रिपेअरिंगचं दुकान होतं. बायको याच आजाराने गेलेली, मूलबाळ नाही.

त्या दिवशी आईने गोळ्या घेतल्या.

आणि पंधरा दिवसांत सोडायला निघाली. उलट्या, अंगावर पुरळ, रात्री भलती स्वप्नं. ऑफिसला जायची ताकद नाही.

मी कैलाशजींना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते पाना-पक्कड घेऊन क्वार्टरवर हजर. शेजारच्या काकूंना सांगितलं, कूलरवाले भैया आलेत.

कूलरही खरंच उघडला. पंप साफ करता करता, आईकडे न बघता बोलत राहिले.

"मैंने छोड़ी थी एक बार. मतलब, तबियत ठीक लगने लगी तो छोड़ दी. सब वापस नीचे. उलटी होने दो जी, गोली मत छोड़ो. पुरळ डॉक्टर को दिखाओ, आज ही."

'पुरळ' हा त्यांचा पहिला मराठी शब्द. फोनवर माझ्याकडून शिकलेला.

आई त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक गोळी बदलून दिली. उलट्या थांबल्या. सहा महिन्यांनी काउंट आला २९०. कैलाशजी अख्ख्या घराला पुरून उरतील इतक्या कचोऱ्या घेऊन आले.

त्यानंतर आमच्या कूलरइतकी सर्व्हिसिंग जयपुरात दुसऱ्या कुठल्याच कूलरची झाली नसेल.

मग डिसेंबर आला. ते चहा पीत बसले होते. आई म्हणाली,

"आता थंडीत कूलर कोण दुरुस्त करतं? लोग पूछेंगे."

ते घाबरले. "तो क्या गीज़र सीख लूँ?"

"नाही," आई म्हणाली. "शादी कर लेते हैं."

मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. म्हणजे, त्या क्षणापर्यंत करत होते.

कोर्टात लग्न झालं. त्यांच्याकडून एक भाऊ आला, आमच्याकडून नागपूरची मावशी. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे 'बहनजी'. ती सवय सुटायला त्यांना बरेच महिने लागले.

मला ते 'बाईसा' म्हणायचे. इकडे लेकीला लाडाने तसंच म्हणतात. मी पपा म्हणायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं.

लोक मुलांचे मार्क्स विचारतात तसे हे दोघं एकमेकांना काउंट विचारायचे. एकदा आईचा त्यांच्यापेक्षा जास्त आला, तर संध्याकाळभर पपांचं एकच: "मशीन में गड़बड़ है."

माझ्या लग्नात पाठवणीला सगळ्यात जास्त तेच रडले. माझा मुलगा त्यांच्याकडून मारवाडी शिकला आणि आईकडून नागपुरी. त्याचं मराठी आता कुणालाच धड कळत नाही.

चांगलं जगले हो दोघं. अगदी साधं, भांडत-हसत, जगतपुऱ्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मटार सोलत.

काल रात्री आईला म्हटलं, पपांबद्दल लिहावंसं वाटतंय, पण आजाराचं काय करू?

ती म्हणाली, "लिही. नावासकट लिही. आजही कोणीतरी रिपोर्ट घेऊन बाकावर बसलं असेल. त्याच्या बाजूले कैलाशजी असतीलच असं नाही."

म्हणून लिहिलं.

परवा त्यांना नेताना आई दारात उभी होती. रडली नाही. हात जोडून म्हणाली, "राम राम सा." रोज सकाळी ती त्यांना तेच म्हणायची, आणि ते तिला 'जय भीम' म्हणायचे.

पपा, आज तुमच्या वाटचं मी म्हटलं तिला.

शांतपणे जा. तुमच्या बाईसाचा मनापासून नमस्कार.