आईनं खाली ठेवलेला कप

वडील गेल्यापासून आईनं कुणाच्या हातात चहाचा कप दिला नाही. ओट्याच्या कडेला नाहीतर पाहुण्यासमोरच्या स्टुलावर ठेवायची, मागे सरायची आणि कप रिकामा होईपर्यंत पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. माझ्या सासरची माणसं नाशकात, सातपूरच्या आमच्या घरी पहिल्यांदा आली, तेव्हाही तिनं हेच केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यावर खेकसले, "अगं, हातात द्यायला काय झालं? शिष्ट समजतील ना लोक!"

"समजू दे," ती म्हणाली.

मी तशी तापट. मी शिकवते त्या शाळेतली पोरं मला बिचकून असतात. पण आईच्या 'समजू दे'पुढे माझं कधी काही चाललं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आईच्या आतड्याला पीळ पडला आणि नाशकातल्याच एका छोट्या दवाखान्यात तिचं पोट उघडावं लागलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण त्यानंतर पोट काही चालेना. फुगून टणक झालेलं. नाकात नळी, तिच्यातून हिरवट पाणी पिशवीत उतरायचं. तोंडाला पाण्याचा थेंब नाही. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाभोवती सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं. सिस्टर विचारते, डॉक्टर विचारतात, भेटायला आलेले विचारतात, शेजारच्या खाटेवरची पेठकडची म्हातारीसुद्धा मान उंचावून विचारते, "वारा सरला का वं?" एरवी चारचौघांत ज्याचा आवाज झाला तर माणूस शरमेनं मेला असता, त्याच्यासाठी इथे लोक देव पाण्यात घालून बसलेले असतात.

मी हसत नव्हते. वडिलांचंही पोटाचंच ऑपरेशन झालं होतं, नव्वदच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना. त्यांचं पोटही असंच फुगलेलं राहिलं. एका सकाळी त्यांना उलटी झाली, ती छातीत गेली आणि दुपारच्या आत ते गेले. आईच्या पोटावर हात ठेवला की मला त्यांचंच पोट हाताला लागायचं. तसंच ताणलेलं, आत काहीच हालचाल नसलेलं. देवा, पुन्हा तेच नको, एवढंच मी मनात घोकत होते.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "आतड्यांना हात लागला की ती रुसतात. कधीकधी फारच रुसतात. एक करून बघू. अपाय तर नाही." आणि त्यांनी ट्रान्झिस्टरएवढं एक यंत्र आणलं. कंबरदुखीवाल्यांना शेक देतात तिथलं. त्याच्या वायरींच्या टोकाला चिकटपट्ट्या होत्या. त्या त्यांनी आईच्या गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला लावल्या. तिथल्या नसेला हलका करंट दिला की तो निरोप पाठीच्या कण्यातून पोटापर्यंत जातो आणि आतडी जागी होऊ शकतात, असं त्यांनी मला समजावलं. नक्की होईलच असं मात्र नाही, हेही सांगितलं.

"पोट रुसलं, अन् समजूत गुडघ्याची काढता व्हय?" नाकात नळी असतानाच आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. सायखेड्याची बाई, मरणाच्या दारातही टोमणा सोडायची नाही.

करंट सुरू झाला की तिच्या पायाचा अंगठा आपोआप उडायचा. ती त्याच्याकडे परक्याचा असल्यासारखी बघायची. मी बघायचे तिच्या पोटाकडे.

पण मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. खाटेच्या पायथ्याशी एक लोखंडी स्टूल होतं, रिकामं. यंत्र घरघरू लागलं की आई त्या स्टुलाकडे बघायची आणि हळूच डोक्यावर पदर ओढून घ्यायची. वडिलांसमोर घ्यायची तसाच.

"काय गं आई?"

"हे आलेत," ती म्हणाली. "त्यांना चहा देऊ नको."

सिस्टर म्हणाली, औषधांनी होतं असं, लक्ष देऊ नका. मी लक्ष दिलं नाही असं दाखवलं. पण त्या स्टुलावर बसायची माझी हिंमत झाली नाही. दिवसभर उभीच राहिले.

पुढच्या राउंडला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आवाज यायला लागलाय. नळीचं पाणीही कमी झालंय. गॅस पास झाला का, आजी?"

"नाय."

"अजिबात नाही?"

"नाय म्हनलं ना."

ते मला बाहेर घेऊन गेले. आवाज येतोय आणि तरी गॅस सुटत नाही, म्हणजे आत कुठंतरी अडकलेलं असू शकतं. उद्या पोटाचा फोटो काढू. वेळ आली तर पोट पुन्हा उघडावं लागेल. आणि या वयात, या अवस्थेत पुन्हा उघडायचं म्हणजे... मी भिंतीला टेकून रडले. आत जाताना डोळे पुसले आणि पडदा ओढून तिची चादर बदलायला घेतली.

तिला कुशीवर वळवलं आणि आवाज झाला. चांगला, लांब, खणखणीत. पडद्यापलीकडून म्हातारी म्हणाली, "सरला गं बाय!"

"आई! झालं!" मी ओरडलेच. सिस्टरला हाक मारायला वळले, तर आईनं माझं मनगट धरलं. अंगात ताकद नव्हती म्हणता म्हणता असं धरलं की हलता येईना.

"कुनाला सांगू नको."

"अगं, सांगू नको काय? वेड लागलंय का तुला?"

"सकाळधरनं सरतोय. सांगू नको."

मी भडकले. काय काय बोलले! तुला पुन्हा फाडतील, कळतंय का? जिवावर उठलीस का स्वतःच्या? लाज वाटते कसली, म्हातारपणी?

"लाज न्हाय," ती म्हणाली आणि स्टुलाकडे बघितलं. "हे हो म्हनले होते."

मग तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या सकाळी राउंडला डॉक्टरांनी वडिलांना हाच प्रश्न विचारला. वडील 'हो' म्हणाले. खोटं. त्यांना चहाची तल्लफ आली होती, बस. आई शेजारीच बसून असायची, तिला ठाऊक होतं काही सुटलेलं नाही. पण ते लहान पोरासारखे तिच्याकडे बघत होते. तिनं थर्मासमधला चहा कपात ओतला, मानेखाली हात घातला आणि स्वतःच्या हातानं पाजला. पुढचं मला माहीत होतं.

"मला ठाव हुतं गं," ती म्हणाली. "हे हो म्हनले, अन् म्या पाजला. हो म्हनलं की चहा येतो. मला नकं."

मला एकदम आमचा ओटा दिसला आणि त्याच्या कडेला ठेवलेले ते सगळे कप. मी तिच्यावर ओरडले होते, पाहुणे बाहेर बसलेले असताना. मी तिच्या छातीवर डोकं ठेवून रडले. ती नाही रडली.

मग मी सिस्टरला सांगितलं. आईनं अडवलं नाही. डॉक्टर आले, पोट दाबून बघितलं, मऊ लागलं. नळी बंद करून ठेवली, उलटी आली नाही, मग काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, बिनदुधाचा चहा चालेल, चमच्यानं, अगदी थोडा.

मी चहा आणला. फुंकर घालून चमचा तिच्या ओठांपाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले.

"घे ना, आई. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"तुझ्या हातानं न्हाय."

मला लागलं ते. "का? माझ्या हाताला काय झालंय?"

"काय व्हऊ नये म्हनून," ती म्हणाली. "उलटलं तर जन्मभर या हाताकडं बघत बसशील. दे इकडं."

सलाइनची पट्टी बांधलेला हात तिनं पुढे केला. चमचा धरला, निम्मा चहा हनुवटीवर सांडला. उरलेला तिनं स्वतः तोंडात घातला, डोळे मिटले आणि गिळला. मी माझे दोन्ही हात मागे घेऊन उभी होते, तिनं तसंच उभं राहायला सांगितलं होतं. आम्ही वाट बघत राहिलो. काही उलटलं नाही.

ती त्यानंतर बरीच वर्षं होती. मी गेले की चहा करायची, कप ओट्याच्या कडेला ठेवायची आणि मागे सरायची. मी तो उचलायचे. कप रिकामा होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी असायची, आणि मी मुद्दाम भराभर प्यायचे, म्हणजे तिची सुटका लवकर होईल.