खोडरबर आणि मेमरीची पट्टी

खोडरबराचा वास आला की परतूरचं जिनिंगमागचं आमचं घर आठवतं. मी हट्टानं घेतलेला जुना कॉम्प्युटर एका दुपारी चालूच होईना, नुसता बीप बीप वाजत राह्यला. “भंगारात द्या वहिनी, तुम्हाला जमणार न्हाई,” धाकटे दीर म्हणाले. मी वायर काढली आणि शिलाई मशीनच्या पेचकसानं डबा उघडला. आत जिनिंगातून उडालेला कापूस साचला होता. तो काढला, मेमरीची पट्टी उपसली, तिची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, परत बसवली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. “नशिबानं लागला,” दीर म्हणाले. मंग मी कॉम्प्युटर बंद केला, पट्टी पुन्हा काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. “घ्या भाऊजी, आता तुम्ही लावा नशिबानं.” ते खोडरबर अजून मशीनच्या खणात आहे, ‘जमणार न्हाई’ म्हणणारे अजून संपले न्हाईत.