पाण्यातलं वजन

मालतीअक्का कुठलीही वस्तू आधी तळहातावर तोलायच्या आणि मगच तिच्याकडे बघायच्या. गांधी बाजारातला नारळ असो की ऑफिसात कुणी वाटलेला पेढा. जन्म बेळगावचा, बाकी आयुष्य धाकट्या बहिणीबरोबर बसवनगुडीत गेलेलं.

मी पुण्याहून इथल्या सरकारी प्रयोगशाळेत रुजू झालो, तेव्हा त्यांनी मला हातमोजे घालायला लावले आणि साबणाच्या वडीएवढा काळपट तुकडा हातात ठेवला. हात खालीच गेला. जवळजवळ दोन किलोचं युरेनियम होतं ते.

"शिसं असतं तर यापेक्षा बरंच हलकं लागलं असतं," अक्का म्हणाल्या. "डोळा फसतोय रे. हात स्वल्प कमी फसतोय. तराजू मात्र फसत नाही."

किरणं अडवणाऱ्या पेट्यांसाठी आमच्याकडे या धातूचे ठोकळे ओतत. प्रत्येक ठोकळा अक्का आधी हवेत तोलायच्या, मग पाण्यात बुडवून. दोन वजनांतल्या फरकावरून घनता कळते. ती पाण्याच्या एकोणीस पट भरली पाहिजे. बुडवलेल्या ठोकळ्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर घनता खोटीच कमी दिसते. नवशिके हमखास तिथे चुकतात. अक्का मऊ कुंचल्याने ठोकळा चारी बाजूंनी पुसून काढायच्या. देवाला अंघोळ घालावी तसा.

एकदा अर्ध्या विटेएवढा ठोकळा साडेअठराच भरला. अक्कांनी तो अडवला. "आत पोकळी हाय. या पेटीमागं उद्या माणूस उभा राहणार."

विभागप्रमुखांना पेटी पाहुण्यांसमोर मिरवायची होती. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, बबल राहिला असेल. ही बेसिक चूक तुमच्याकडून?"

अक्कांनी पुन्हा तोललं, दुसऱ्या दिवशीही तोललं. साडेअठराच. "बुडबुडा काय रोज त्याच मापाचा चिकटतोय, सर?" त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना तराजूवरून उचलून कँटीन समितीवर बसवलं आणि तो ठोकळा पेटीत बसवला. आयुष्यभर जपलेला हात, आणि शेवटी शिक्का नवशिकीचा. त्या तशाच निवृत्त झाल्या.

पुढे पेटीच्या चाचणीत एका बाजूने किरणं झिरपताना दिसली. ठोकळा कापला, तर आत लिंबाएवढी पोकळी. मी स्कूटर काढून थेट बसवनगुडीला गेलो. अक्का आजारी होत्या, तरी उठून बसल्या. मी सांगितलेलं सगळं ऐकून म्हणाल्या, "तू सांगून काय उपयोग? चुकलो म्हणून एकदा त्यांनी सांगायला पाहिजे. सगळ्यांदेखत. मला बोललेत पण तसंच की."

मी निरोप पोचवला. साहेब "सरी, सरी" म्हणाले, म्हणजे बरं, बरं. कानडी तेवढंच शिकले होते. त्यानंतर वर्षभर दारावरची घंटा वाजली की अक्का साडीचा पदर नीट करायच्या, असं त्यांच्या बहिणीने मला नंतर सांगितलं. साहेब कधी गेले नाहीत.

गेले ते अक्कांच्या शोकसभेला. नव्या मुलांसमोर बोलताना त्या ठोकळ्याची गोष्टही त्यांनी रंगवून सांगितली. "मला तेव्हाच शंका आली होती," म्हणाले. बहीण पहिल्या रांगेत बसली होती.

मी उठून म्हणालो, "सर, पोकळी अक्कांना सापडली होती. तुम्ही त्यांना खोटं पाडलंत."

साहेबांनी चष्मा पुसला, माझ्याकडे न बघता मान हलवली आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं.