पाठीमागची दोन भोकं

भंगारवाल्याच्या हातगाडीवर आज वसंताच्या वडिलांचा रेडिओ दिसला. पाठीमागच्या दोन भोकांवरून ओळखला. सत्तरच्या दशकात आम्हा चौघा मित्रांचा रॉक बँड होता, पण अ‍ॅम्प्लिफायर घ्यायची ऐपत नव्हती. वसंतानंच ती भोकं पाडून गिटारची वायर रेडिओत जोडली होती. संध्याकाळी सात वाजता वडील बातम्यांना बसत. गाणं अर्ध्यावर असलं तरी वायर निघायची. तरुणपण असंच सरतं, दुसऱ्याच्या बातम्यांना जागा करून देत. आम्ही तिघं नोकऱ्यांना लागलो, वसंता एकटाच वाजवत राहिला. गेल्या आठवड्यात तो गेला.

"लागतो का हा?" मी विचारलं.

"आतलं सगळं काढलंय, काका. नुसता खोका आहे."

मी घड्याळ पाहिलं. सात वाजायला अजून बराच वेळ होता.