चौथा सड

संध्याकाळी दूध आणायला गोठ्यावर गेलो, तेव्हा सखूबाई म्हशीची धार काढत होत्या. तीन सड पिळून झाले आणि त्या उठल्या. चौथा भरलेलाच राहिला. तो रेडकाचा, असं त्यांच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे.

मी दातांचा डॉक्टर. त्याच दुपारी माझा कर सल्लागार हसत म्हणाला होता, "डॉक्टर, यंदा तुम्ही सगळ्यात वरच्या दरात!" तेव्हापासून माझी धुसफूस चालू होती. दिवसभर वाकून मान माझी मोडते. अशा कष्टाच्या कमाईवर जास्तीत जास्त किती कर घ्यायचा, याला काही मर्यादा हवी की नको?

न राहवून मी विचारलं, "सखूबाई, चौथाही पिळला तर?"

"म्हस पान्हा चोरती मग. बाकीच्या तिन्हींतनं पण धार येत नाही."

मला एकदम बरं वाटलं. म्हशीला कळतं ते सरकारला कळू नये! संध्याकाळचे पेशंट बंदच करावेत, असं दुपारपासून माझ्याही डोक्यात घोळत होतं.

पण मन स्वस्थ बसेना. रेषा तिसऱ्या सडापाशीच का? अलीकडे का नाही? मी दात काढायला शिकलो ते सरकारी कॉलेजात, जवळजवळ फुकट, हेही नेमकं तेव्हाच आठवलं. तरी विचारलंच, "आणि एकच सड पिळला तर?"

सखूबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"मग तुमच्या किटलीत काय घालू?"

इतका वेळ मी स्वतःला म्हैस समजत होतो, आणि किटली पुढे धरून उभा होतो.