काकांचा फोटो आणि माझी नेमणूक

दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत माझी निवड झाली, तेव्हा केजजवळच्या आमच्या गावाला इतका आनंद झाला की मलाच धडकी भरली. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पोर जज होणार म्हणजे काय! पण निवड झाली म्हणजे नेमणूक झाली, असं नसतं. मधे पोलिसांची चारित्र्य पडताळणी असते. तेवढ्यात माझ्यावर साधा गुन्हा जरी नोंदला गेला, तरी सगळं लटकणार होतं. केजच्या कोर्टात वकिली करून एवढं तर मला कळत होतंच.

म्हणून मी काकांना हात जोडले. काका म्हणजे आबांचे, माझ्या वडलांचे, धाकटे भाऊ. दर निवडणुकीत कुणाच्या तरी मागं पळणारे आणि गावातल्या प्रत्येक बॅनरवर झळकणारे.

"काका, मिरवणूक काढा, पण डीजे नको. विनापरवाना वाजवला तर गुन्हा लागतो."

"तू कावून घाबरायलीस? परवानगीचं मी बघतो की."

काकांचं बघणं म्हणजे नुसतं बघणंच असतं.

मिरवणुकीच्या दिवशी चौकातला बॅनर पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मधोमध काका, गॉगल लावलेले, माणसाहून मोठे. खाली ठळक अक्षरांत 'मिरवणुकीचे आयोजक' आणि त्यांचं नाव. बाजूला त्यांची मित्रमंडळी. मी कुठाय म्हणून शोधलं, तर वरच्या कोपऱ्यात, देवाशेजारी, टिकलीएवढी.

"काका, परीक्षा कुणी दिली?"

"तू. पर बॅनर कुणी दिला?"

कप्पाळ माझं! फुरंगटूनच मी उघड्या जीपवर चढले. तेवढ्यात डीजे सुरू झाला. खरं सांगते, पहिल्या ठोक्याला माझा राग गेला आणि दुसऱ्याला कायदा. पुढं आबा त्यांचा लाडका एडका घेऊन चालले होते. एडका गुलालानं इतका माखला होता की त्याची शिंगंसुद्धा गुलाबी झाली होती. कधी मान वर न करणारी माझी आई पदर खोचून नाचत होती. मीही जीपवर नाचायला लागले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग पोलिसांची गाडी आली. डीजे बंद झाला.

"आयोजक कोण?" फौजदारांनी विचारलं.

आमच्याकडची रीत अशी, की बॅनरवर खुशाल मिरवावं, पण तोंडी विचारलं की मान ज्याची मिरवणूक त्याला द्यावा. अख्खा गाव एका सुरात ओरडला, "जजबाई!" सगळे हात माझ्याकडं वळले.

फौजदारांनी पेन काढला. "नाव सांगा."

त्या पेनाच्या टोकाशी मला माझी लटकलेली नेमणूक दिसली.

तेवढ्यात गर्दीतून काका घुसले, लालबुंद होऊन. "सायेब, वाचता येतं का न्हाई? एवढा मोठा फोटो कुनाचा हाय?" आणि ओळख पटावी म्हणून त्यांनी खिशातला गॉगल काढून लावला.

फौजदारांनी बॅनरकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. "आणि ह्या?"

"ती? ती तर कोपऱ्यात हाय. तिचा काय संबंध?"

गुन्हा काकांवर लागला. पोलिसांच्या गाडीतून जाताना ते दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते, निवडून आल्यासारखे. आबा हसता हसता खाली बसले.

माझी पडताळणी स्वच्छ निघाली. नेमणुकीचा आदेश आला त्या संध्याकाळी मी काकांना पेढा भरवला आणि विचारलं, "मला वाचवायलाच पुढं झालात ना?"

"न्हाई गं. आधी फोटोचाच राग आल्ता," काका म्हणाले. "माझा फोटो सोडून तुला विचारायलाय म्हंजे काय! पर त्यानं पेन काढला, अन् मी तुह्या तोंडाकडं बघितलं..."

त्यांनी खिसा चाचपला आणि भर तिन्हीसांजेला, घरात बसल्या बसल्या, डोळ्यांवर गॉगल चढवला.