हासिंता मोंगे कुणाचं नाव घेत नाही

सान ब्लासच्या टेकडीवर जानेवारी महिना म्हणजे हासिंता मोंगेचा महिना. नाताळात घरोघरी शेवाळ, रंगीत भुसा आणि मातीच्या मेंढ्या मांडून बाळ येशूचा गोठा सजवतात, आणि तो उतरवण्याआधी घरात जपमाळेची प्रार्थना व्हावीच लागते. प्रार्थनेविना गोठा हलवला तर वर्षभर घराच्या मागे काही ना काही लागतं, असं आमच्याकडे मानतात. न मानणारेही प्रार्थना करून घेतात. उगाच कशाला परीक्षा बघा! फेब्रुवारीच्या दोन तारखेच्या आत हे सगळं उरकायचं असतं, म्हणून हासिंता महिनाभर या घरातून त्या घरात फिरत असते.

वय त्र्याहत्तर, डावा गुडघा कायमचा रुसलेला, हातात बेकरीची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत जपमाळ, चष्मा आणि एक वही, जी तिने गेल्या तीस वर्षांत उघडलेली कुणी पाहिली नाही. मरियेची सगळी नामावळी तिला तोंडपाठ. हा वारसा बापाकडून आलेला. तिचा बाप सिप्रियानो मोंगेही गावाला प्रार्थना सांगायचा. बाई तशी फटकळ. नामावळी चालू असताना कुणी मक्याच्या पिठाचा तामाल चघळताना दिसला की ती तिथेच थांबायची आणि म्हणायची, "आधी गिळ. देव थांबेल."

प्रार्थनेच्या शेवटी, गुळाचं गरम पाणी आणि मक्याची बिस्किटं यायच्या आधी, ‘हे आमच्या बापा’ ही येशूची प्रार्थना एकदा राज्य करणाऱ्यांसाठी म्हणायची रीत आहे. हासिंता ती पाळायची, पण नाव कुणाचंच घेत नसे. "जे राज्य करतात त्यांच्यासाठी, आणि जे करणार आहेत त्यांच्यासाठी," एवढंच. तिचं मत कुणाला जातं, हे तिच्या मांजरालाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे राष्ट्रपतीची निवडणूक चार वर्षांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी येते. म्हणजे घरांत गोठे आणि घरांवर पक्षांचे झेंडे, एकाच वेळी. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण त्या वर्षी देवच उमेदवारीला उभा राहिल्यासारखं झालं होतं. एकीकडे डोळ्यांचे डॉक्टर साल्गेरो, ज्यांना सरकारच्या प्रत्येक खोलीत क्रूस हवा होता. दुसरीकडे एक प्राध्यापिका, जिला राज्यघटनेतलं ‘देशाचा धर्म कॅथलिक’ हे वाक्यच काढून टाकायचं होतं. टीव्हीवर दोघांचा वादविवाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरीवाल्या तोबियासच्या घरी प्रार्थनेला जमलेल्या माणसांची गोठ्यासमोरच जुंपली.

"कसं ठणकावलं डॉक्टरने!" तोबियास म्हणाला. "राष्ट्रपतीच्या खुर्चीमागे क्रूस लावणार म्हणजे लावणार."

"लावू दे की," टपालवाला रुफिनो म्हणाला. "आजवर सगळे क्रूसासमोरच शपथा घेत आले. आपल्या रस्त्याचे खड्डे बुजले का?"

"तुझी बाई घटनेतून धर्म काढणार. उद्या म्हणेल, आठवड्यातून रविवार काढा."

"सरकारला धर्म नसावा एवढंच म्हणाली ती. तुझा बाळ येशू उचलून न्यायला येत नाहीये. आणि देवाच्या नावाने मतं मागायला कायद्याने बंदी आहे, हे तुझ्या डॉक्टरला कुणीतरी सांगा."

"मग देवाने काय, घरी बसायचं?"

"घरीच बसलाय तो," हासिंता खुर्ची सरकवत म्हणाली. "मघापासून तुमची वाट बघतोय. गुडघे टेका दोघं."

दोघांनी गुडघे टेकले. महिनाभर तिने हे असंच निभावून नेलं. अडलं ते नोएमीपाशी.

नोएमी किरोस तिची लहानपणापासूनची मैत्रीण. आमच्याकडे लग्नानंतरही बाई बापाचंच आडनाव लावते, म्हणून ती किरोसच राहिली. नोएमीच्या मुलीची, लिग्याची, हासिंता धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. नोएमीचा नवरा मासेदोनियो वर्षभर अंथरुणाला खिळला होता, फुप्फुसं गेली होती. एके काळी तोच हासिंताच्या मागे खालच्या सुरात नामावळी गायचा. आता नाकात नळी होती आणि दोन शब्दांत दम लागत होता. या हंगामातली अखेरची जपमाळ, फेब्रुवारीच्या दोन तारखेची, चाळीस वर्षं नोएमीच्याच घरी व्हायची.

"कोमाद्रे," मक्याचं पीठ मळता मळता नोएमी एका सकाळी म्हणाली, "दोन तारखेला शेवटच्या प्रार्थनेत डॉक्टरांचं नाव घे."

"मी नावं घेत नाही. तुला माहीत आहे."

"एकदाच. मी नवस बोलले आहे. या देशाने देवाला पाठ दाखवली तर देव आपल्याकडे कशाला बघेल? माझ्या माणसाकडे कशाला बघेल?"

"देव मतं मोजून औषध देत नाही गं."

"तुझी जीभ झिजणार आहे का एका नावाने?" नोएमीचे हात थांबले. "चाळीस वर्षांत काही मागितलं मी तुझ्याकडे?"

नव्हतं मागितलं. आतल्या खोलीतून मासेदोनियोचा खोकला येत होता. हासिंताच्या अगदी ओठांवर आलं होतं सगळं, पण तिने ते गिळलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

"मग मी खालच्या गावच्या वीदालला सांगते," नोएमी म्हणाली. "तो गिटारही वाजवतो."

हासिंता घरी आली आणि दुपारभर मांजराला मांडीवर घेऊन बसून राहिली. तिच्या छातीवर जे ओझं होतं ते तिचं नव्हतंच, बापाने दिलेलं होतं. अठ्ठेचाळीस साली, अशाच निवडणुकीच्या जानेवारीत, कॉफीच्या मळेवाल्याच्या घरी प्रार्थना होती. मळेवाल्याच्या बायकोने गळ घातली आणि सिप्रियानो मोंगेने शेवटच्या प्रार्थनेत उमेदवाराचं नाव घेतलं. एवढ्या मोठ्या घरातली बाई आपल्याला विनवते, याने तो हुरळून गेला होता. तीन वर्षांची हासिंता बापाच्या खुर्चीखाली बसली होती. धुळीने भरलेले दोन जोडे तिच्या समोरून दाराकडे गेले, एवढंच तिला आठवत होतं. बाकीचं बापाने मरताना सांगितलं. ते जोडे एवारिस्तो किरोसचे होते. नाव ऐकून तो उठला, टोपी घातली आणि एकटा निघून गेला. सगळ्या गावाने पाहिलं.

निवडणूक रद्द झाली, मार्चमध्ये यादवी युद्ध पेटलं. बंदूकवाले टेकडी चढून आले. ते कोणत्या बाजूचे होते, हे आजही गावात दोन तऱ्हांनी सांगतात. कोण आपला, कोण परका, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुणाला चुगली करायची गरजच पडली नाही. प्रार्थनेतून कोण उठून गेलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच दाराकडे वळल्या. एवारिस्तोचं प्रेत कॉफीच्या झाडांखाली सापडलं. त्याची बायको नऊ दिवसांची प्रार्थना सांगा म्हणून सिप्रियानोच्या दारी आली, कडेवर दीड वर्षाची पोर घेऊन. सिप्रियानोने आतून कडी लावून घेतली. भ्याला तो, सरळ सांगायचं तर. प्रार्थनेच्या दिवशी ती बाई तापलेल्या पोरीपाशी घरीच होती, त्यामुळे आपल्या नवऱ्यावरच बोट का गेलं हे तिला कधी कळलं नाही, आणि गावाने मिठाची गुळणी धरली. कडेवरची ती पोर म्हणजे नोएमी.

नोएमीच्या घरी प्रार्थनेत वाचायच्या मेलेल्यांच्या यादीत एवारिस्तोचं नाव कधीच नसे. तिची आई म्हणायची, ज्याचे नऊ दिवस झाले नाहीत त्याचं नाव कुठल्या तोंडाने घालू? बाप गेल्यापासून पंचेचाळीस वर्षं हासिंता ती यादी वाचत आली होती, आणि ती रिकामी जागा तिला एकटीलाच वाचता येत होती.

दोन तारखेला ती न बोलावता गेली. प्रार्थनेच्या घराचं दार कुणालाच बंद नसतं. ती मागच्या बाकावर बसली. नोएमीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मासेदोनियोला खुर्चीसकट गोठ्याजवळ आणलं होतं. वीदालचा आवाज गोड होता, गिटारही बरी होती. नामावळीतली दोन नावं त्याने गाळली, पण हासिंता तेही मुकाट्याने सहन करून गेली. मग शेवटची प्रार्थना आली.

"आणि देशाला देवाच्या हाती देणाऱ्या डॉक्टर साल्गेरोंच्या विजयासाठी," वीदाल म्हणाला, "हे आमच्या बापा..."

लिग्या उठली. ती दवाखान्यात नर्स होती, कामावरून तशीच आली होती. तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि दाराकडे चालू लागली. खुर्च्या करकरल्या. तोबियासने मान वळवून पाहिलं, त्याच्या बायकोने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. हासिंताला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिला फक्त पोरीचे पांढरे जोडे दिसत होते, दाराकडे जाणारे.

लिग्या बाकाजवळ आली तशी हासिंताने पोरीचं मनगट धरलं.

"सोड मावशी. मला बस म्हणू नकोस."

"बस कुठे म्हणतेय? मला उठव. मीही येते," हासिंता म्हणाली. "एकटी नाही जायचं तू."

आणि त्र्याहत्तर वर्षांची बाई, जिने जन्मात कधी प्रार्थना अर्धी सोडली नव्हती, पोरीच्या खांद्याला धरून सगळ्यांच्या देखत बाहेर पडली.

नोएमी मागोमाग अंगणात आली. "माझ्या घरातून? प्रार्थनेतून उठून? तू, कोमाद्रे? ही पोरगी अडाणी आहे, पण तू?"

"तुझा बापही असाच उठून गेला होता," हासिंता म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. खुर्ची, जोडे, टोपी, नाव. आतून घातलेली कडीही सांगितली. "माझ्या बापाच्या तोंडाने तुझा बाप गेला गं. आणि मला हे पंचेचाळीस वर्षं माहीत होतं. तुझ्या घरचं खात होते मी आणि गप्प होते."

नोएमीने एप्रन सोडला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडला. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. आत गिटार चालूच होती.

रविवारी मतदान झालं. एवढं करून निकाल लागलाच नाही. कुणालाच पुरेशी मतं पडली नाहीत, डॉक्टर आणि प्राध्यापिका दोघंही एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत गेली आणि गावाला आणखी दोन महिने भांडायची सोय झाली. चर्चमध्ये नोएमी दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसू लागली. तोबियासच्या दुकानात हासिंता शिरली की बोलणं थांबायचं. रुफिनो मात्र तिला बघून टोपी काढायचा, जणू ती त्याच्या पक्षात आली होती. त्याचा तिला जास्त संताप यायचा.

फेब्रुवारी संपता संपता एका पहाटे चर्चची घंटा वाजली. मासेदोनियो गेला होता. हासिंताने काळा पोशाख घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि दार उघडं टाकून बसली. प्रार्थनेला न बोलावता जाता येतं, पण प्रार्थना सांगायला बोलावणं लागतं. सकाळचे दहा वाजले, बारा वाजले. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे तिला त्या दिवशी पुरतं कळलं.

दुपारी लिग्या आली. डोळे सुजलेले.

"आई म्हणते, पप्पांचे नऊ दिवस तूच सांगायचे."

हासिंता उठायला गेली.

"थांब मावशी, अजून आहे. आई म्हणते, हे नऊ झाले की लगेच आजोबांचे नऊ. एवारिस्तोंचे. सत्तर वर्षं राहिलेत, तेही मोंगेंच्या घरानेच पुरे करायचे, म्हणते."

मासेदोनियोचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी हासिंताला धास्ती होती की कुणी येणारच नाही. अठ्ठेचाळीस सालच्या मेलेल्यासाठी, ज्याला पाहिलेली माणसंही आता बोटांवर मोजण्याइतकी, आणि तेही दुसऱ्या फेरीच्या तोंडावर! पण पाच वाजता तोबियास पावाची टोपली घेऊन आला आणि रुफिनोच्या शेजारी बसला, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. अंगणातही माणसं उभी राहिली. काय झालं होतं ते गावात फिरलं होतं. काही म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या होत्या. गुळणी त्यांच्याही तोंडात होती.

जपमाळ झाली, नामावळी झाली. मग मेलेल्याचं नाव घ्यायची वेळ आली आणि हासिंता अडली. तिच्यासमोर कागद होता, नोएमीच्या मोठ्या अक्षरातला, एकच नाव लिहिलेला. माणसं वाट बघत राहिली.

पुढच्या खुर्चीवर नोएमी बसली होती. गेल्या दहा दिवसांत ती हासिंताशी एक शब्दही बोलली नव्हती. तिने मान वर केली.

"घे नाव, कोमाद्रे," ती म्हणाली.

हासिंताने खुर्चीचा हात घट्ट धरला. "एवारिस्तो किरोस," ती म्हणाली. "परमेश्वरा, त्याला चिरविश्रांती दे."

"आणि त्याच्यावर तुझा अखंड प्रकाश राहो," घर म्हणालं, आणि अंगण म्हणालं.